आधी मुराळी पाठवा

नाशिकला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गावाचं आणि माणसांची नावं छापू नयेत अशी त्यांची विनंती आहे, म्हणून नाती तेवढी ठेवली आहेत. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य असं :

"आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आम्ही पाच भावंडं. जिजी सगळ्यांत मोठी, लग्न झाल्यापासून सुरतेला. तिच्या पाठचा दादा, तो गावीच शेती बघतो. मग मी. माझ्या पाठचा आबा पुण्याला नोकरीत आणि धाकटी धुळ्याला शाळेत शिकवते. बाप जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा तो ऐंशीचा होता. माय गेल्या मार्गशीर्षात गेली. अस्थी रामकुंडावर आणल्या तेव्हा आणि मग दहाव्याला आम्ही पाचही जण एकत्र होतो. त्यानंतर फक्त फोन, तोही कामापुरता.

या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाचही जणांनी पोराबाळांसह गावच्या जुन्या घरात जमावं, घराण्याची माहिती एकत्र करावी, पोरांना सांगावी, असं माझ्या मनात आहे. पोरांना पणजोबांचं नाव माहीत नाही. मलाही सगळं कुठे माहीत आहे? बाप चार-पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं. आम्ही जिला आजी म्हणत वाढलो ती ही दुसरी. पहिल्या आजीचं नाव आम्हा पाचांपैकी एकालाही सांगता येत नाही. एक आत्या आहे पारोळ्याला, दुसऱ्या आजीची लेक. तिला आता कमी ऐकू येतं.

अडचणी अशा. बाप गेल्यावर आम्ही तिघी बहिणींनी हक्कसोड लिहून दिलं. मी आणि धाकटीनं समजून दिलं. जिजीला मात्र 'वारस लावायला सही लागते' एवढंच सांगून नेलं होतं. तिला नंतर कळलं. तेव्हापासून ती माहेरी राहिलेली नाही. मायच्या दहाव्यालाही मुक्काम केला नाही. 'मायबाप ग्यात, आते मन्हं माहेर सरनं,' म्हणून निघून गेली. आखाजीचा विषय काढला तर दादा म्हणतो, 'आते बहिनी एक व्हई ग्यात, वावरना वाटा मांगतीन.' आबाला गावात उकडतं. त्याला तोरणमाळला रिसॉर्ट घ्यायचंय, सगळ्यांना सारखे टीशर्ट आणि वंशावळीचं छापील पुस्तक हवंय. आपण एका राजघराण्याचे वंशज आहोत असं त्याला कुठूनसं सापडलंय. वहिनी म्हणते, वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक कोण करणार ते आधी सांगा. बोलवू की राहू देऊ?"

ताई, बोलवा. यंदाच बोलवा, आखाजीलाच आणि गावच्या घरातच. तोरणमाळ सुंदर आहे, पावसाळा सरला की सगळे मिळून जरूर जा. पण तुमच्या घरचे पितर तोरणमाळला जेवायला येणार नाहीत.

खानदेशात आखाजीच्या सकाळी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, इतर वाचकांसाठी थोडं लिहिते. उंबरठा धुऊन पूजतात. घरातलं कर्तं माणूस उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत जातं आणि प्रत्येक बोटाला गेलेल्या एका माणसाचं नाव घेतं. मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज), सांजोऱ्या, आंबे ठेवतात. मग पुरणपोळी आणि आमरसाचा घास तुपासह निखाऱ्यावर सोडतात, आगारी टाकतात. त्याच दिवशी लेकी माहेरी आलेल्या असतात, कडुलिंबाला झोके टांगलेले असतात, गाणी चाललेली असतात. पितर आणि माहेरवाशिणी एकाच दिवशी घरी येतात असा सण आपल्याला वाडवडिलांनी दिलाय. मग दुसरा मुहूर्त कशाला शोधायचा? नोकरीमुळे कोणाला त्या दिवशी रजा मिळालीच नाही, तर आठवड्याभरात वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ असतो, तोवर ते येऊन पोहोचतील. पण उंबरठ्याची वेळ आखाजीचीच.

आता जिजी. तुम्ही तिच्याबद्दल थोडकंच लिहिलंय, आणि माझ्या मते आधी तिचंच व्हायला हवं. तिला निमंत्रण पाठवू नका. व्हॉट्सअॅपवर गट काढून "सर्वांनी यावे" असं लिहिलंत तर ती वाचेल आणि गप्प बसेल, आणि तिचं गप्प बसणं बरोबर असेल. लेक माहेरी निमंत्रणावर येत नाही. तिला आणायला मुराळी जातो. तुमच्या मायनं दादाला लहानपणी जिजीला आणायला पाठवलंच असणार. अमळनेरला गाडीत बसायचं, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर मागे टाकत सुरतेला उतरायचं, बहिणीकडे मुक्काम करायचा, तिच्या हातचं जेवायचं आणि तिला घेऊन निघायचं. ती लाइन आजही तीच आहे. या वेळीही दादानंच जायचं. तुम्ही गेलात तर ती तुमच्यासोबत येईलही, पण माहेरी आल्यासारखी येणार नाही. भाच्याला पाठवलंत तर आणखी दुखावेल. जिनं "माहेर सरलं" म्हटलं, तिला माहेर आहे हे सांगायचा अधिकार त्या घरात राहणाऱ्या भावालाच आहे.

दादाला यासाठी तयार करणं हे तुमचं काम, आणि ते फोनवर करू नका. चैत्रातच एकदा गावी जा. चार माणसांत विषय काढू नका, त्याच्यासोबत वावरात जा आणि पहिलं वाक्य हे बोला : "दादा, मी वाटा मागायला आलेली नाही, आणि जिजीलाही त्यासाठी बोलवत नाहीये." तो विश्वास ठेवणार नाही, तरी बोला. मग त्याचं ऐका. तो गावी राहिला. मायचं शेवटचं दुखणं त्यानं आणि वहिनीनं काढलं. पाऊस दडी मारतो, कपाशीला बोंडअळी लागते, भाव पडतो, ते सगळं त्यानं सोसलं. दर पावसाळ्याआधी धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, माती टाकून ते जुनं घर उभं ठेवलं. तुम्हाला "गावच्या घरात जमू" असं म्हणता येतं ते त्याच्यामुळे. हे त्याला तुमच्यापैकी कोणी कधी म्हटलंय का? म्हटलं नसेल तर आता म्हणा. दादाचा राग मला लोभाचा वाटत नाही. आपण राबलो ते कोणी मोजलं नाही, असं वाटणाऱ्या माणसाचा तो राग आहे.

हे ऐकून घेतल्यावर जिजीच्या सहीचं बोला. त्यातून सुटका नाही. "झालं गेलं विसरा" असं मी सांगणार नाही, कारण जिच्या बाबतीत झालं ती विसरलेली नाही. कायद्याची बाजू तुम्हाला स्वच्छ माहीत असायला हवी. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच जन्मानं हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात ते आणखी पक्कं केलं. म्हणजे तुम्ही तिघींनी जे सोडलं तो खरा हक्क होता, भावांनी मागून घेतलेली आणि बहिणींनी दिलेली मोठी गोष्ट होती. फसवून घेतलेल्या सहीला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येतं, पण त्याला मुदत असते. ती उरली आहे का हे जिजीला स्वतःच्या वकिलाकडूनच विचारू द्या.

दुसरी गोष्ट बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. बाप गेल्यावर वारस म्हणून मायचं नाव सातबाऱ्यावर लागलं होतं का? लागलं असेल आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिचा हिस्सा आता तुम्हा पाचही जणांकडे सारखा येतो. नऊ वर्षांपूर्वीच्या हक्कसोडीनं बापाकडून आलेला हक्क गेला, मायकडून पुढे येणारा हक्क त्या कागदानं आधीच सुटत नाही. वारसानं मिळालेल्या हक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते, म्हणजे ही वारसनोंद झाली नसेल तर रखडलेली आहे. दादाच्या मनातली भीती कदाचित हीच असेल, आणि ती न बोलता वाढते आहे. म्हणून उघड बोला. ही नोंद पाच नावांनी होऊ दे. पुढे कोणाला काय द्यायचं, काय सोडायचं, ते प्रत्येकानं आपापल्या मनानं, कागद वाचून, नंतर ठरवावं. आखाजीच्या त्या तीन दिवसांत मात्र घरात स्टॅम्पपेपर येता कामा नये. ना हक्कसोडीचा, ना वाटणीचा. पितरांची नावं घेतलेल्या उंबरठ्यावर बहिणीपुढे सहीसाठी कागद धरलेले मी ऐकले आहेत. त्यानंतर त्या बहिणी परत आल्या नाहीत.

दादा सुरतेला गेला की तिथे एवढंच बोलू दे : "जिजी, तुला न सांगता सही घेतली, ते चुकलं. आखाजीले घर चाल." यापुढचं तिच्यावर. ती लगेच पिशवी भरेल असं नाही. रात्रभर बोलेल, रडेल, भांडेल. दादानं मुक्काम ठेवून जायचं ते त्यासाठीच.

आता तुमच्या आजीबद्दल. घराण्याच्या माहितीचं तुम्ही जे योजलंय, त्यात मला सगळ्यांत मोलाचं तुम्ही ओझरतं लिहिलेलं ते वाक्य वाटलं, की पहिल्या आजीचं नाव कोणालाच माहीत नाही. पुस्तक, टीशर्ट, फलक बाजूला ठेवा. पाच भावंडांनी मिळून आखाजीपर्यंत हे एक नाव शोधायचं, असं ठरवा. उंबरठ्यावर आजवर तिचं बोट ओढलं गेलं असेल तर नावाशिवाय, आणि तिच्यामुळेच तर तुम्ही सगळे आहात. एकत्र यायला यापेक्षा चांगलं कारण मला तरी सुचत नाही. शिवाय या कामात प्रत्येकाकडे काहीतरी आहे जे दुसऱ्याकडे नाही, त्यामुळे बोलणं आपोआप सुरू होईल.

सुरुवात पारोळ्याच्या आत्यापासून करा, आणि ती उद्याच करा. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून तिला विचारायचं राहून गेलंय. तिच्या आईनं त्या घरात सवतीच्या जागी संसार केला, सवतीचं लेकरू वाढवलं. ती कधीच काही बोलली नसेल हे शक्य नाही. काही घरांत दुसरी बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायची, नाहीतर तो देवघरात पूजेला असायचा. तुमच्या देवघरातले टाक खाली उतरवून नीट बघा. देवाचा कोणता, पितराचा कोणता, हे दादा-वहिनीला माहीत असेल, आणि एखादा असा निघेल ज्याचं कोणालाच काही सांगता येत नाही. तो घेऊन आत्याकडे जा. तिच्या शेजारी बसून, मोठ्यानं, एकेक प्रश्न विचारा, तिच्या परवानगीनं फोनवर आवाज भरून घ्या. "कोणत्या साली?" असं विचारू नका, सालं म्हाताऱ्या माणसांना आठवत नाहीत. घटना विचारा. बापाच्या वयावरून आजी १९४१-४२ च्या आसपास गेली असणार. नंदुरबारला शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीबारात गेला, चिमठाण्याजवळ सरकारी खजिना १४ एप्रिल १९४४ ला लुटला गेला. या गोष्टी त्या पिढीनं घराघरांत सांगितल्या आहेत. "तुझी माय या घरात आली ती खजिन्याच्या लुटीआधी की नंतर, असं कधी बोलली का?" या प्रश्नाला उत्तर मिळू शकतं.

जिजीलाही हेच विचारायचं. पाचांत ती मोठी, म्हणजे दुसऱ्या आजीसोबत सगळ्यांत जास्त राहिलेली. दळताना, शेवया करताना आजी जे बोलली असेल ते ऐकायला तीच होती. तिला माहेरी आणायचं ते तुमच्या समाधानासाठी नाही. या घराची अर्धी आठवण तिच्याकडे आहे.

कागद दादानं बघायचे, तहसिलात त्याची ये-जा असतेच. जुनी जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये असायची, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तुमच्या गावची ती वही अमळनेर तहसिलाच्या अभिलेख कक्षात मागावी, आधी १९४० ते १९४३ चे मृत्यू बघावेत. अक्षर पुष्कळदा मोडी असतं. नोंदीत "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" किंवा "भ्र." म्हणजे अमक्याची बायको, एवढं माहीत असलं तरी नजर योग्य ओळीवर थांबते. आजोबांचं नाव "कोम" किंवा "भ्र." च्या पुढे दिसलं की त्याआधीचं नाव तिचं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर ही जुनी दप्तरं बाहेर काढली गेली, मोडी वाचणाऱ्यांना बसवून तपासली गेली आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेली पानं संकेतस्थळावर ठेवली. तेही बघा. जुने फेरफारही काढा. वारसनोंदीत बायका आणि लेकींची नावं येतात. एरवी आपल्या वंशावळींत ती नसतात. भाटाच्या वहीतही, तुमच्या कुळाचा भाट असेल तर, बहुतेक पुरुषांचीच रांग मिळेल. ती उतरवून घ्या, पण तिथे थांबू नका. आणखी मागे जायचं असेल तर एक ध्यानात ठेवा : १९०६ पर्यंत सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळं. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, अमळनेर पूर्वेत गेलं.

धाकटी धुळ्याला आहे हे तुमचं नशीब. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, त्यांच्या मागे त्यांची दप्तरं सांभाळण्यासाठी लोकांनी ते उभं केलं. तिथे जाऊन मोडी वाचून देणारं कोणी मिळेल का, ते तिनं विचारावं. शिक्षिका आहे, गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टरही तीच गोडीगुलाबीनं बघू शकेल. बापाची जन्मतारीख आणि शाळेत घालणाऱ्याचं नाव त्यातून निघेल. घालणारा मामा असेल तर फारच उत्तम.

तुम्ही नाशिकला. मायच्या अस्थी रामकुंडावर आणल्या तेव्हा तुमच्या उपाध्यांनी वहीत नावं लिहून घेतली असतील, दादानं सही केली असेल. त्याच उपाध्यांकडे परत जा, घाई नसताना, आणि तुमच्या आडनावाची, गावाची जुनी पानं दाखवा म्हणावं. आजोबा किंवा पणजोबा कधी तीर्थाला आले असतील तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेली नावं तिथे असतील. आणि दादाच्या घरात पेटी-कोनाड्यात बापाच्या लग्नातली आहेराची वही शोधा. कोणी किती दिले यापेक्षा कोणत्या गावाहून कोण आलं होतं, हे त्यात वाचायचं. नवरदेवाच्या मामाचं गाव मिळालं की आजीचं माहेर मिळालं, आणि माहेरी तिचं लहानपणीचं नाव मिळेल. लग्नात नाव बदललेलं असेल तर दोन्ही लिहा. तिला आई हाक मारायची ते नावही तिचंच होतं.

आबाला राग येऊ देऊ नका, त्याचा उत्साह खरा आहे. राजघराण्याचं मात्र छापू नका. आडनाव सारखं निघालं म्हणून वंश जुळत नाही. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं, तेव्हापासून १८१८ मध्ये इंग्रज येईपर्यंत खानदेशानं इतक्या फौजा, लूट आणि दुष्काळ पाहिले की गावंच्या गावं उजाड झाली आणि पुन्हा वसली. सामान्य शेतकरी घराचा सलग कागद मिळू लागतो तो बहुधा इंग्रजांच्या मोजणीनंतर. १८५२ मध्ये त्याच मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावलचे शेतकरी उठले होते. तुमचे पूर्वज तेव्हा खानदेशात होते की अजून यायचे होते, हा शोध मला राजवंशापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. आबाला सांगा, प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो काढायचा, प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितलं किंवा कुठे सापडलं हे टाइप करायचं. पुढच्या आखाजीला पुस्तक काढा, त्यात तपासलेलंच असेल.

शोधायला लागलात की नको ते पण सापडेल. कोणाचा पाट (पुनर्विवाह) लागलेला असेल, कोणी दत्तक असेल, कोणी घर सोडून गेलेलं आणि नाव पुसलेलं, १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एका महिन्यात तीन लेकरं गेलेली. हे सगळं वहीत लिहा. पण पोरांसमोर, जेवणाच्या पंगतीत काय सांगायचं ते तुम्ही पाच जणांनी आदल्या रात्री बसून ठरवा. कोणाच्या आजीची लाज काढायची नाही आणि खोटंही सांगायचं नाही, एवढं पाळलं तर निभेल.

दिवसाचं वेळापत्रक मी आखून देणार नाही, फक्त एक. आखाजीला सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, साल सुरू होतं, त्या दिवशी दादाला देण्याघेण्याचं, बोलीचं काम असणार. म्हणून सगळे आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. बोलणं रात्री, अंगणात, ऊन उतरल्यावर. उंबरठ्याचं सकाळी लवकर. बोटं दादाच ओढेल, पण नावं सांगायला पाचही जण जवळ उभे राहा. एका पुरुषाचं नाव झालं की त्याच्या बायकोचं घ्या. पोरं सुरतेची गुजराती बोलणारी असोत की पुण्याची, प्रत्येकाला एक नाव पाठ करून यायला सांगा आणि आपापल्या बोटाला ते मोठ्यानं म्हणू द्या. शोधूनही आजीचं नाव नाहीच मिळालं तर "बापाची माय" म्हणून बोट ओढा आणि शोध चालू ठेवा.

राहिली वहिनी. तिचा प्रश्न सगळ्यांत रास्त आहे आणि तुम्ही तो अडचणींच्या यादीत शेवटी टाकलाय. खापरावरचे मांडे करणारी बाई गावातून पैसे देऊन बोलवा, तो खर्च तुम्ही चौघं करा. रस काढणं, आंबे आणणं, पाण्याचे ड्रम भरणं पुरुषांनी आणि जावयांनी करायचं. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुरे, बहिणी करतील. पण वहिनीचं दुखणं स्वयंपाकापुरतं नसावं. आखाजी तिचीही आहे. तुम्ही तिघी दरसाल या सणाला माहेरी यायच्या तेव्हा तुमचं माहेरपण करायला ती सासरीच थांबायची, इतकी वर्षं. तिच्या माहेरी तिची वाट कोणी पाहिली असेल, तिथल्या उंबरठ्यावर कोणाची नावं घेतली जात असतील, हे तुम्ही तिला विचारलंय का? तिच्या भावाला आत्ताच फोन करा आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुराळी म्हणून यायला सांगा. चार दिवस तिला जाऊ द्या. गुरं, चूल आणि दादाचं जेवण तुम्ही आणि जिजी मिळून बघा. जिजीला दादानं आणलेलंच असेल, तर ती चार दिवस थांबेलही.